डाक आवृत्तीतले वीस गुण

२६ फेब्रुवारी २०१०, शुक्रवार. दिल्लीत प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्प मांडला होता, त्यामुळे अख्खा अंक त्याच्या ताब्यात. आमच्या क्रीडा विभागाच्या दोन पानांपैकी एक काढून घेतलेलं. उरलेल्या पानावर सचिन. दोनच दिवसांपूर्वी ग्वाल्हेरला त्याने १४७ चेंडूंत नाबाद २०० केल्या होत्या, पुरुषांच्या वन-डेतलं पहिलं द्विशतक. त्यावरचे लेख, आठवणी आणि वाचकांच्या कविता अजून येतच होत्या. (कविता छापल्या नाहीत, एवढी अब्रू राखली.)

मी चारच्या पाळीला आलो तेव्हा टेबलावर एजन्सीच्या बातम्यांचा गठ्ठा पडला होता. त्यात व्हँकुव्हरची हिवाळी ऑलिम्पिक. महिलांचं फिगर स्केटिंग आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळीच उरकलं होतं. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम यु-नाला, वय अवघं १९.

"सिंगल कॉलम, बारा ओळी," साहेब म्हणाले. "फोटो जमला तर बघू."

मी मथळा दिला, 'यु-नाची बाजी'. त्यावरही पाच मिनिटं गेली. कोरियात आडनाव आधी लिहितात, म्हणजे किम हे आडनाव, मग मथळ्यात किम हवं की यु-ना? बारा ओळींच्या बातमीला एवढा काथ्याकूट कुणी करत नाही, पण साहेबांना नावांचा सोस.

मग त्यांची नजर गुणांवर गेली. किम २२८.५६. जपानची माओ असादा २०५.५०. कॅनडाची जोआनी रोशेट २०२.६४.

"दुसरी आणि तिसरीत तीनसुद्धा गुण नाहीत, आणि पहिली-दुसरीत तेवीस? टाइप करताना चूक झालीय. २०८ असणार."

मलाही ते पटलं. २०८.५६ केल्यावर तक्ता कसा शहाण्यासारखा दिसायला लागला. वर तीनचं अंतर, खाली तीनचं अंतर. ऑलिम्पिकमध्ये असंच असतं. मी दोनाच्या जागी शून्य केलं, ऑपरेटरने पान लावलं आणि डाक आवृत्ती कोकणाकडे रवाना झाली.

शहर आवृत्तीआधी प्रूफ हातात घेतलं, चहाबरोबर. माझीच शेवटची ओळ: 'तिने स्वतःचाच २१०.०३ गुणांचा विश्वविक्रम मोडला.'

२०८ गुणांनी २१०चा विक्रम मोडला! पोटात गोळाच आला. प्रूफच्या मागे बेरीज मांडली. दोन दिवसांपूर्वीचा शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे पहिली छोटी फेरी, ७८.५०; आजचा फ्री स्केट, म्हणजे दुसरी लांब फेरी, १५०.०६. शाळकरी बेरीज. २२८.५६.

तरी खात्री पटेना. इंटरनेट असलेला एकच संगणक होता, तिथे बसलेल्या व्यापार पानवाल्याला विनवून उठवलं आणि अधिकृत गुणपत्रिका उघडली. पहिल्याच ओळीत ट्रिपल लुट्झ-ट्रिपल टो लूप. मूळ किंमत १०, परीक्षकांनी सफाईबद्दल वर दिलेले २, एकूण १२. लुट्झ म्हणजे काय हे त्या रात्री मला धड कळलं. उलटं सरकत यायचं, भार डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर, उजव्या पात्याचं टोक मागे बर्फात रोवायचं आणि आलेल्या वळणाच्या विरुद्ध दिशेने हवेत तीन गिरक्या. उतरल्या उतरल्या, उसंत न घेता, आणखी तीन. खाली दोन बेरजा होत्या. घटकांचे ७८.३०, सादरीकरणाचे ७१.७६. कुठेही वजाबाकी नाही.

नंतर चित्रफीत पाहिली. निळा पोशाख, अमेरिकन संगीतकार गर्श्विनचा पियानो. सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या वेगाचं. बहुतेक मुली उडीआधी जरा थबकतात, मनाशी काही मोजतात. ही वेगातच येते आणि त्याच वेगात उतरून पुढे निघून जाते. आणि संगीत संपल्यावर एकदम रडू लागते.

साहेबांना गुणपत्रिका नेऊन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. २००९च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला तिने २०७.७१ गुण मिळवले होते. दोनशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली महिला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला २१०.०३. विक्रम मोडायचा तर असा, दोन-तीन गुणांनी. एका फटक्यात साडेअठरा कोण पुढे जातं?

"डबल कॉलम कर," ते म्हणाले. "आणि फोटो टाक."

जागेसाठी सचिनवरचा एक आठवणीपर लेख गेला. रोशेटची आई स्पर्धेच्या दोन दिवस आधी व्हँकुव्हरमध्येच हृदयविकाराने गेली होती आणि तरी ती बर्फावर उतरली होती. बारा ओळींत न मावलेलं ते वाक्यही परत घेतलं. शहरात २२८.५६ छापून आलं. कोकणात २०८.५६.

दुसऱ्या दिवशी मी फोनजवळ बसून होतो. एकाचाही फोन आला नाही. सचिनचा एक चौकार कमी छापला असता तर रत्नागिरीने आमचं जगणं मुश्कील केलं असतं.

पुढे चार वर्षांनी रशियातल्या सोचीची हिवाळी ऑलिम्पिक. तोवर किमच्या सगळ्या कारकिर्दीत एकही स्पर्धा अशी नव्हती की ती पहिल्या तिघींत नाही. २० फेब्रुवारी २०१४च्या रात्री सर्वांत शेवटी ती उतरली. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, शहर आवृत्ती तिच्यासाठी अडवून धरलेली. या वेळी बेरीज मी आधीच मांडून ठेवली होती, फक्त खालचा आकडा भरायचा होता. रशियाची सोत्निकोवा २२४.५९वर. किमचे शॉर्टचे ७४.९२. फ्रीचे आले १४४.१९.

२१९.११. रौप्य.

ऑपरेटर पान सोडायला थांबला होता. "एक मिनिट," म्हणालो, आणि पुन्हा बेरीज केली.