आत्यासाठी दिवाळी, सात इंच बाय सहा

आत्याची दिवाळी पाडव्याच्या सकाळी मिरज स्टेशनावर सुरू होते. गाडी पकडून ती पुण्याला येते, दुसऱ्या दिवशी बाबांना ओवाळते, आईच्या चिवड्यात मीठ कमी असल्याचं जाहीर करते आणि परत जाताना तोच चिवडा डबाभर घेऊन जाते. २०२४ मध्ये मात्र ऐन नवरात्रात ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि दिवाळीत तिच्या सोबतीला वॉकर आणि व्यायाम करवून घेणारा एक मुलगा, एवढेच उरले.

आम्ही रोज फोटो पाठवत होतो. भाऊबिजेला फोन केला तर म्हणाली, "ते पळतात गं. नीट बघावं म्हणून बोट लावलं की दुसराच येतो. तुझ्या बाबाच्या कपाळावर टिळा होता की नव्हता, तेही कळलं नाही मला."

तिच्या कपाटात तिच्या लग्नाचा अल्बम आहे. काळी पानं, चारी कोपऱ्यांना कागदी कोपरे, दोन पानांच्या मध्ये बटर पेपर. त्यातला एकही फोटो बिघडलेला नाही. आमच्या घरी नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम आहेत. त्यांच्या गोंदाच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात आणि फोटो पानाला असे धरून बसलेत की दात साफ करायचा दोरा मागून सरकवत सरकवत एकेक सोडवावा लागतो. त्यामुळे आत्यासाठी अल्बम करायचा तर कोणत्या घराण्यातला करायचा, हे ठरलेलंच होतं. फक्त लहान हवा, एका हाताने उलटता यावा आणि मांडीवर ठेवला की उघडा राहावा. ही शेवटची अट मला सगळ्यात सोपी वाटली होती.

पहिली चूक घाईची. ऑनलाइन शोधताना एक 'हॉलिडे' मिनी अल्बम किट दिसलं आणि हॉलिडे म्हणजे सणाची सुट्टी, अशा समजुतीने मी ते मागवलं. खोक्यातून निघाले बर्फाचे कण, घंटा, ढेरपोट्या पुरुषांसारखे फुगीर हिममानव आणि अकरा रेनडिअर. शिवाय लाकडी बटणं, कागदी गुलाब आणि रंगीत छापील टेपची सहा रिळं. चूक माझीच, चित्र मोठं करून पाहिलं नव्हतं. बर्फाचे चंदेरी कण तेवढे चांदण्या म्हणून खपले, लाल आणि हिरवी टेप वापरली. रेनडिअर भाच्याने मागून घेतले.

मग आखणी. प्रत्येक दिवसाला एक पान. २८ ऑक्टोबर वसुबारस, २९ धनत्रयोदशी, ३१ नरक चतुर्दशी, १ नोव्हेंबर लक्ष्मीपूजन, २ पाडवा, ३ भाऊबीज. मध्ये ३० तारीख भाकड गेली होती, त्या दिवशी काहीच नव्हतं. आई म्हणाली, "ते पान गाळ. त्या दिवशी नुसता पसारा होता घरात." मलाही पटलं, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखी ओळीने पानं करायची खोड मला आहे. म्हटलं, राहू दे एक पान, नंतर बघू.

पानाचा आकार ठरला सात इंच रुंद, सहा इंच उंच. फोटो सहा बाय चार इंचांचे, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच आणि खाली मोठ्या अक्षरात लिहायला जागा. (या कामात फोटो इंचात मोजतात, कागद मिलिमीटरमध्ये आणि कापड मीटरमध्ये. डोकं शांत ठेवावं लागतं.)

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे अल्बमची पाठ. पानं नुसती एका कडेला शिवली किंवा चिकटवली तर कोरी असेपर्यंत छान दिसतात. प्रत्येक पानावर फोटो, कोपरे, एखादी टेप चढली की बाहेरची बाजू फुगते आणि पाठीकडची तेवढीच राहते. मग अल्बम मिटतच नाही, आ वासून बसतो. यावर उपाय असा की पाठीच्या आत कागदाची एक घड्याघड्यांची पट्टी बसवायची. एक उभी घडी, मग थोडी सपाट जागा, पुन्हा घडी. डोंगर आणि त्यामध्ये दरी. प्रत्येक पान दोन कागदांचं करायचं आणि डोंगर त्या दोन कागदांच्या मध्ये चिकटवायचा. दरीची रुंदी म्हणजे दोन पानांमधली हवा, तिच्यात फोटोंची जाडी मावते.

माझा हिशोब असा: सात पानांचे सात डोंगर, प्रत्येकाला एक सेंटिमीटर चढ आणि एक उतार, झाले १४. मधल्या सहा दऱ्या प्रत्येकी ६ मिलिमीटर, म्हणजे ३.६. दोन्ही टोकांना कव्हरला चिकटवायला दोन दोन सेंटिमीटर. एकूण २१.६. घरात ए-फोर आकाराचं जाड कार्ड होतं, २९.७ सेंटिमीटर लांब. लांबीतून पट्टी काढली, रिकाम्या बॉलपेनने फूटपट्टीच्या आधाराने रेघा दाबल्या आणि घड्या घातल्या. प्रत्येक घडीवर कागद तडकला. रंगाचा वरचा थर फुटून आतला पांढरा दिसायला लागला आणि चार वेळा उघडमीट केल्यावर तिसरा डोंगर हातातच आला. कार्ड वाईट असेल म्हणून दुसरं घेतलं. तेच.

तुटकी पट्टी घेऊन मी अप्पा बळवंत चौकात गेले. तिथल्या एका गल्लीत एक वयस्कर बाइंडर बसतात. त्यांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरचं वर्तमानपत्र उचलून मला दिलं. "ताई, उभं फाडा." फाडलं, सरळ रेघेत फाटलं. "आता आडवं." आडवं कुठेही गेलं, सापासारखं. "लाकडाचंच आहे ना ते. कारखान्यात कागद धावता धावता बनतो, तंतू सगळे एका अंगाला पडतात. तुम्ही तंतू मोडून घडी घातलीत." ए-फोर कागदाचे तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात. घडी त्यांना समांतर हवी, माझी बरोबर आडवी होती. मी म्हटलं, मग कागद फिरवून घेते. त्यांनी माझ्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि हसले. ए-फोरची रुंदी २१ सेंटिमीटर. मला हवे २१.६. सहा मिलिमीटरनी हुकलं.

"हातकागद संस्थेत जा," ते म्हणाले, "तो कागद कसाही दुमडा."

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेवरून मी शेकडो वेळा गेले असेन, आत पहिल्यांदाच गेले. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. जाळीच्या चौकटीवर हाताने हलवून पसरवतात म्हणून तंतू सगळीकडे सारखे पडतात आणि घडीला कुठलीच दिशा वाकडी जात नाही. चिंध्यांचा असल्याने वर्तमानपत्रासारखा दोन उन्हाळ्यांत पिवळाही पडत नाही. २२ बाय ३० इंचांचा एक मोठा ताव हळदी रंगाचा आणि दोन पांढरे घेतले. घरी येऊन पट्टी कापली, दोन मिलिमीटर कमी उंचीची, म्हणजे पानांच्या वर डोकावायला नको. घड्या घातल्या. एकही तडकली नाही. मी ती पट्टी बाजाच्या भात्यासारखी उघडमीट करत किती वेळ बसले होते, ते सांगत नाही.

कव्हरला दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, वरून खणाचं कापड. खणाला पांढरा गोंद लावला तर तो विणीतून वर आला आणि वाळल्यावर चकाकणारे डाग पडले. तो तुकडा वाया गेला. दुसऱ्या तुकड्याला आधी मागून पतंगाचा कागद चिकटवला, तो पूर्ण वाळू दिला आणि मग पुठ्ठ्यावर चढवला. यासाठी मैद्याची खळ केली. बाबांनी आठवण दिली की पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. पण आत्या पान उलटायला बोट जिभेला लावते. मोरचूद विषारी. तो बेत रद्द केला आणि खळ कमीत कमी पाण्याची, घट्ट ठेवली.

सकाळी उठून पाहते तर दोन्ही पुठ्ठे पापडासारखे वळलेले. ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतल्या बाजूलाही खळीने कागद लावला की तो उलट्या बाजूने ओढतो आणि हिशोब मिटतो. लावला, वर स्वच्छ प्लॅस्टिक ठेवलं आणि त्यावर चार वर्षांचे दिवाळी अंक रचले. दोन दिवस हलवले नाहीत. बाबांना एक कथा अर्धवट ठेवावी लागली, त्यावरून कुरकुर झाली.

फोटोंची प्रिंट काढतानाही एकदा फसले. मोबाइलच्या फोटोचं प्रमाण चारास तीन असतं, सहा बाय चारच्या कागदाचं तीनास दोन. दुकानाच्या यंत्राने वरचं-खालचं छाटून कागद भरला आणि किल्ल्याच्या फोटोत सिंहासनाच्या वरचं सगळं गेलं, महाराजांसकट. दुसऱ्यांदा पांढरी कड ठेवून छापायला सांगितलं. आणि चकचकीत नको, मॅट हवे. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ट्यूबलाइटखाली चकाकणारा फोटो तिला नुसता पांढरा दिसतो.

सजावटीचं थोडक्यात. बटणं आणि गुलाब एका पानावर लावून पाहिले, अल्बम पुन्हा फुगला, काढून टाकले. उटण्याची चिमूट पुडीत घालून लावली तर दोन दिवसांत कागदावर तेलकट वर्तुळ आलं, तीही काढली. राहिले ते काळ्या कागदाचे कोपरे, आकाशकंदिलाच्या उरलेल्या झिरमिळ्या आणि बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांतली नावं. भाच्याने किल्ल्याच्या पायथ्याशी, उगवलेल्या हळिवात, एक रेनडिअर चिकटवला. "सांबर आहे," तो म्हणाला. मी काही बोलले नाही.

तीस तारखेचं पान शेवटपर्यंत रिकामं होतं. फोनमध्ये त्या दिवशीचे फक्त तीन फोटो निघाले, तेही कोणी ठरवून काढलेले नव्हते. बाबा स्टुलावर बसून आकाशकंदिलाची वायर सोलतायत. भाऊ सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलाय. आणि स्वयंपाकघरात आई वर्तमानपत्रावर चकल्यांचा दुसरा घाणा पाडतेय, भोवती परात, डबे, पीठ. आई म्हणाली, "हा लावू नकोस, माझा अवतार बघ." मी बाबांचा आणि भावाचा जरा छोटे कापले आणि आईचा मोठा लावला. पानाचे दोन कागद चिकटवताना वरची कड उघडीच ठेवली होती, म्हणून तिथे आपोआप खिसा झाला. त्यात वर रिबिन लावलेली एक कोरी चिठ्ठी सरकवली. तिच्यावर काय लिहायचं ते सुचेना, तशीच राहिली.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पोचवायचं ठरवलं होतं, ते अर्थातच हुकलं. डिसेंबरात दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, जाताना मिरजेला उतरलो.

आत्या खिडकीपाशी खुर्चीत होती. मी अल्बम मांडीवर ठेवला आणि हात मागे घेतला. तो उघडा राहिला. तिनं जिभेला बोट लावलं. वसुबारस. धनत्रयोदशी. मग तीस तारीख. वायर, झोपलेला भाऊ, सगळं सावकाश. आईच्या फोटोवर ती थांबली. चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं.

"अगं, हा सोऱ्या."

"हो, आईचा."

"आईचा कशाने? डाव्या कानाला पोचा आहे बघ. धाकट्याने गच्चीवरून टाकला होता. सहा वर्षं शोधतेय मी हा." मग दाराकडे बघत आवाज चढवून, "वहिनी, तुमच्याकडे होता होय!"

आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, चहा निवतोय.

आत्याने पुढची पानं पाहिली, सांबर पाहिलं, भाऊबिजेच्या पानावर बाबांच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग परत मागे येऊन तीस तारीख काढली, रिबिन ओढून कोरी चिठ्ठी बाहेर घेतली आणि माझ्याकडे पेन मागितलं. थरथरत्या पण ठसठशीत अक्षरात लिहिलं, "सोऱ्या परत आणणे", खाली तारीख घातली आणि चिठ्ठी खिशात नीट सरकवून ठेवली.