मक्याची गाडी परत गेली तेव्हा

केनियातल्या बहुतेक मिशन शाळा २०१३ च्या शिक्षण कायद्याखाली चालतात. शिक्षकांचा पगार सरकारी आयोग देतो, चर्च 'स्पॉन्सर' म्हणून राहतं आणि कारभार व्यवस्थापन मंडळ बघतं. मंडळावर पालकांचे सहा, चर्चचे तीन आणि शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतो, प्राचार्य सचिव. कागदावर अधिकार इतके वाटलेले, तरी खडूच्या खोक्यापासून चेकपर्यंत सगळं प्राचार्यांच्या टेबलावरच अडतं. 'सामूहिक नेतृत्वा'ची शिबिरं देणगीदारांना फार आवडतात. रंगीत चिठ्ठ्या, ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या दिवशी भांडाराची किल्ली पुन्हा त्याच खिशात.

मी ज्या निवासी शाळेच्या प्रशासनात आहे तिथे म्हणून भाषणांऐवजी माल ताब्यात घेण्यापासून सुरुवात केली. २०१५ च्या सरकारी खरेदी कायद्यात तपासणी आणि स्वीकृती समितीची सोय आहेच. एरवी ती सह्यांपुरती. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. माल मागवणारा समितीवर नको. समितीची सही असल्याशिवाय भांडारपालाने आवक पावती फाडायची नाही. आणि माल नाकारताना कुणाला विचारायचं नाही, नंतर फक्त कळवायचं.

मक्याची गाडी आली त्या दिवशी प्राचार्य जिल्ह्याच्या बैठकीला होते. नव्वद किलोची साठ पोती. समितीप्रमुख उपप्राचार्या बाई. वरच्या थरातली दोन-चार पोती उघडून बघायची इथली रीत. बाईंनी खालची काढायला लावली. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून नमुना घेतला, मीटरमध्ये घातला. पूर्व आफ्रिकेच्या मानकाप्रमाणे ओलावा १३.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. वरच्या पोत्यांत १३, खालच्यांत १६ च्या पुढे. असा मका कोंदट भांडारात राहिला की बुरशी धरतो, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते गिथेरी (मका आणि घेवडा एकत्र उकडून केलेलं इथलं जेवण) कितीही शिजवली तरी जात नाही. बाईंनी आकडे लिहून खाली सही केली आणि गाडी परत पाठवली.

पुरवठादार चर्चच्या वडील मंडळींपैकी एक. त्याने तिथूनच स्पॉन्सरच्या प्रतिनिधीला फोन लावला.

प्राचार्य चिडले, आणि त्यांचंही पूर्ण चूक म्हणवत नाही. सरकारी अनुदान विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग, ५०-३०-२० टक्क्यांच्या हप्त्यांनी. ते उशिरा आलं की बोर्डिंगची फी इतर बिलांत जाते आणि मकावाला उधारीवर थांबतो. ती उधारी बाईंच्या नावावर नसते. निर्णय वाटून दिला, पण त्याने बिघडणारे संबंध सांभाळायचं काम प्राचार्यांकडेच राहिलं. हे आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

मंडळाने बाईंचा निर्णय कायम ठेवला. पालकांचे प्रतिनिधी ठाम राहिले. समिती मात्र दर खरेदीला नव्याने नेमायची असते, आणि नेमणारे प्राचार्यच. बाईंनी या वेळी लेखी नेमणूकपत्र आधी मागितलंय. ते अजून निघालेलं नाही.