ऑर्गनॉइडला सिस्ट येत नसतील तर

पॉलिसिस्टिक किडनीच्या आजाराचं मॉडेल डिशमध्ये बनवायला घेतलं की सगळा जोर जीनवर लागतो. क्रिस्परने (जीन कापायच्या तंत्राने) पीकेडी1 किंवा पीकेडी2 या आजाराच्या जीनच्या दोन्ही प्रती निकामी होतात, सिक्वेन्सिंग चोख येतं, ऑर्गनॉइडही (स्टेम पेशींपासून डिशमध्ये वाढवलेले किडनीचे छोटे नमुने) छान वाढतात आणि सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेले फुगे, मात्र एखाद-दुसरी. अशा वेळी आधी प्लेटकडे बघा. ऑर्गनॉइड तळाला चिकटलेले असतील तर सिस्ट फुगत नाहीत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फ्रीडमन यांच्या लॅबने 2017 मध्ये हेच दाखवलं: ऑर्गनॉइड सोडवून मीडियात (पोषक द्रावणात) तरंगते ठेवले की सिस्टचं प्रमाण दहापट होतं, आणि काही सिस्ट तर एक सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

त्याच लॅबची कृती सोपी आहे. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर जेलट्रेक्स या प्रोटीनच्या जेलचा थर, त्यावर दर वेलला 60,000 स्टेम पेशी, सोबत पेशी तगाव्यात म्हणून 10 मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर. दुसऱ्या दिवशी मीडियात 1.5 टक्के जेलट्रेक्स मिसळून वरून घालायचं, म्हणजे पेशी दोन थरांच्या मधोमध येऊन पोकळ गोळे करतात. पेशी लावल्यापासून तीन दिवसांनी सीएचआयआर99021 (पेशींना किडनीच्या वाटेला लावणारं रसायन), 12 मायक्रोमोलर, 36 तास. सोमवारी रात्री आठला घातलं तर बुधवारी सकाळी आठला काढायचं. भलत्या वेळी सुरू केलंत तर मध्यरात्री लॅब गाठावी लागेल. त्यानंतर बी27 हे पूरक घातलेला आरपीएमआय मीडिया, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा.

बॅच वाया जाते ती याच 36 तासांत. डोस कमी पडला तर पेशी किडनीच्या वाटेला लागतच नाहीत. जास्त झाला तर थरच्या थर सुटून येतो. थोड्या पेशी मरणारच, त्याने घाबरू नये. सीएचआयआरचा नवा लॉट आला की 8, 10, 12 असे डोस शेजारी-शेजारी लावून बघावेत. 60,000 हा आकडाही स्टेम पेशींच्या प्रत्येक लाइनला मानवत नाही, म्हणून निम्मी आणि दुप्पट घनताही लावावी.

अठराव्या दिवसाच्या सुमारास मायक्रोस्कोपखाली चकाकणाऱ्या वळणदार नळ्या दिसतात. आता सिरिंजच्या बारीक सुईने एकेक ऑर्गनॉइड कडेने कापून सोडवायचा आणि न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये टाकायचा. ओढू नका, नळ्या तुटतात. उचलताना टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने कापून तोंड रुंद करून घ्या. फुगलेली सिस्ट अरुंद टिपमध्ये हमखास फुटते. मीडिया बदलताना प्लेट तिरकी धरून अर्धाच काढावा.

प्रत्येक पोकळ फुगा म्हणजे किडनीची सिस्ट नव्हे. बाजूला वाढलेलं भलतंच ऊतकही असं फुगतं. भिंत एलटीएलने (प्रॉक्सिमल नळीला, म्हणजे किडनीच्या नळीच्या सुरुवातीच्या भागाला चिकटणाऱ्या प्रोटीनने) रंगली तर ती त्या नळीची. फॉर्स्कोलिनने (नळीत द्रव भरायला लावणाऱ्या रसायनाने) सिस्ट लवकर येतात खऱ्या, पण त्याने निरोगी नळ्याही फुगू शकतात, तेव्हा तेवढाच डोस कंट्रोललाही द्यायचा. कंट्रोल त्याच क्रिस्पर प्रयोगातला, जीन शाबूत राहिलेला क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला गट) हवा, आणि त्याच दिवशी, त्याच मीडियात वाढवलेला. दोन बॅचमधला फरक कित्येकदा म्युटेशनच्या फरकाहून मोठा निघतो.

रुग्णाच्या पेशींपासून थेट सुरुवात करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: त्यांच्यात जीनची एक प्रत चांगली असते, त्यामुळे तरंगते ठेवूनही सिस्ट सहसा येत नाहीत.