ग्रेट बेंडची पट्टी शहापूरच्या माळ्यावर: काम कुठवर आलं

अमेरिकेतल्या ग्रेट बेंडच्या ड्रॅग स्ट्रिपचं, म्हणजे गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीचं, छोट्या गाड्यांसाठी १:६४ मापाचं मॉडेल बनवतोय; त्याचा पृष्ठभाग पूर्ण झाला. पाव मैल म्हणजे १,३२० फूट; १:६४ ला ते २० फूट साडेसात इंच होतात. बेळगावच्या शहापुरातली जुनी घरं बोळासारखी लांब, म्हणून माळ्यावर पट्टी मावली. गाड्या थांबायची जागा मात्र दार उघडून गच्चीवर काढली. प्लायवूड कापताना सुतारमामा विचारत होते, "एवढं लांब कशाला ओ, पंगत बसवताय काय?"

कॅलिफोर्नियातली पोमोनाची प्रसिद्ध स्ट्रिप सोडून कॅन्ससमधलं ग्रेट बेंड का, तर ही स्ट्रिप हौशी लोकांची. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या तळावर बी-२९ बॉम्बर विमानांच्या तुकड्या तयार होत. युद्ध संपलं, धावपट्टी राहिली. अमेरिकेतली पोरं तेव्हा रस्त्यावरच शर्यती लावत आणि पोलीस मागे लागत. वॉली पार्क्सनी १९५१ मध्ये एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली ती हे थांबवायला. १९५४ मध्ये त्यांचं चौघांचं 'ड्रॅग सफारी' पथक ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं घालून गावोगाव फिरलं आणि तिथल्या क्लबांना शर्यत कशी भरवायची ते शिकवून आलं. पुढच्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा ग्रेट बेंडला भरली, पण पावसाने मोडली आणि उरलेल्या शर्यती नोव्हेंबरात फिनिक्सला झाल्या. आजही ही स्ट्रिप तिथला एक क्लब चालवतो, सगळे स्वयंसेवक.

आपला सांबरा विमानतळही त्याच युद्धातला, १९४२ चा. पण तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि प्रवासी विमानंही उतरतात, तेव्हा आपण माळ्यावरच बरे.

पृष्ठभागाला काँक्रीटचा राखाडी रंग देऊन सांधे पेन्सिलीने आखलेत. जवळून बघितलं तरच दिसतात, पण दिसायलाच हवेत. खरी पट्टी सपाट. आमच्या गाड्यांना इंजिन नाही, म्हणून स्टार्टला रॅम्प आहे.

सगळ्यात मोठा वाद दिव्यांवरून. मंडळींना 'ख्रिसमस ट्री', म्हणजे शर्यत सुरू करायचा दिव्यांचा खांब, पाहिजेच. पण ते दिवे आले १९६३ मध्ये; १९५५ च्या स्ट्रिपवर झेंडेवाला माणूसच उभा राहणार. शेवटी माझंच चाललं. छोट्या सर्व्हो मोटरने त्याचा हात उचलतो आणि त्याच क्षणी गाड्या अडवणारं गेट पडतं. दिवे पाहिजेत त्यांनी आपली वेगळी स्ट्रिप बांधावी!

वेग मोजायला मात्र आजचा हिशोब धरला: शेवटचे ६६ फूट, म्हणजे इथे सव्वाबारा इंचांहून किंचित जास्त. दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड). दुपारी गच्चीच्या दारातून ऊन आलं की सेन्सर वेड्यासारखे वागतात, म्हणून त्यांवर काळ्या नळ्या चढवल्यात.

गेटचा दांडा उद्यमबागेत लेथवर दिलाय. तो आला की पहिल्या धावांचे आकडे टाकतो. तोवर १९५५ चे वरून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर पाठवा, प्रेक्षक नेमके कुठे बसत ते ठरवायचंय.