पट्टीकामासाठी हलकी मायटर सॉ घेताना मला आलेला अनुभव

मी डोंबिवली-कल्याण भागात फिनिशिंगची कामं करतो, त्यातही स्कर्टिंग (भिंतीच्या तळाला लागते ती पट्टी), दरवाज्याच्या चौकटीभोवतीची पट्टी आणि मोल्डिंग जास्त. त्यासाठी लागते मायटर सॉ, म्हणजे पट्ट्या हव्या त्या कोनात कापायची मशीन. बरीच वर्षं माझ्याकडे १२ इंची ब्लेडची स्लाइडिंग, म्हणजे ब्लेडचं डोकं पुढेमागे सरकणारी, मशीन होती, कट एकदम सुंदर पण वजन २५ किलोच्या वर, आणि इथल्या जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही, म्हणजे चौथ्या मजल्यावर मशीन चढवायला एक माणूस जास्तीचा आणि काम काय तर दोन खोल्यांचं स्कर्टिंग. गेल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावर पाय सरकला, मशीन सावरायला गेलो आणि कंबर धरली ती पंधरा दिवस. तेव्हाच ठरवलं, एकट्याला उचलता येईल अशीच मशीन घ्यायची.

पहिल्यांदा मी नुसता वजनाचा आकडा बघितला आणि तिथेच फसलो. ८ इंची, एकदम हलकी मशीन मागवली, पण ४५ अंशांवर लॉक करून हँडल दाबलं की डोकं किंचित बाजूला झुकायचं. जाड लाकडात ते चालूनही जाईल, पट्टीत अर्ध्या अंशाची फट लगेच डोळ्यात येते. परत केली.

मग मुंबईला नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलो, सोबत घरूनच एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) साडेचार इंच रुंदीचा तुकडा नेला. दुकानदार चांगला होता, मशीन लावून दिली. तुकडा ९० वर कापायचा, दोन भागांपैकी एक पालथा करायचा, दोन्ही भाग सरळ पट्टीला टेकवायचे आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. मशीन जेवढी चुकते त्याच्या दुप्पट फट दिसते, म्हणून गुण्याला (काटकोन तपासायच्या हत्याराला) न कळणारी चूकसुद्धा इथे पकडली जाते. दुकानातल्या पहिल्या मशीनमध्ये वरच्या टोकाला कागद जाईल एवढी फट होती, फेन्सचे, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या आधाराचे, स्क्रू ढिले करून तो परत लावला तेव्हा कडा अशा बसल्या की उजेड आरपार दिसेना.

शेवटी मकिताची एलएस १०४० घेतली, १० इंची, स्लाइड नाही, ११ किलो. स्लाइड सोडायला मन तयार नव्हतं, पण खरं सांगायचं तर पट्टीकामात या मशीनच्या १३० मिलीमीटरपेक्षा रुंद मला कापायचंच काय असतं? अडचण एकच, चार इंची स्कर्टिंग फेन्सला उभी लावून कापता येत नाही. ती आडवी ठेवून डोकं ४५ ला झुकवायचं, आणि डोकं एकाच बाजूला झुकतं म्हणून दुसऱ्या टोकाच्या कटासाठी पट्टी फिरवून तिची दुसरी कड फेन्सला लावायची. पहिल्या दिवशी मी दोन पट्ट्या उलट्या कापल्या, आता पट्टीच्या मागे पेन्सिलने कोपऱ्याची खूण करूनच मशीनवर ठेवतो.

ब्लेडचं पण महत्त्वाचं आहे. जाड कामाचं २४ किंवा ४० दातांचं ब्लेड पट्टीची कड फोडतं, मी ८० दातांचं लावलंय, आणि घेताना मधल्या भोकाचं माप मशीनच्या शाफ्टशी जुळतंय का ते आधी बघा, २५.४ आणि ३० मिलीमीटर दोन्ही बाजारात मिळतात. मशीन १६५० वॉटची आहे, त्यामुळे घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, किचन नाहीतर एसीचा १६ चा पॉइंट शोधा. बॅटरीवालीचा पण विचार केला होता, पण बॅटऱ्या आणि चार्जर धरून खर्च माझ्या आवाक्याबाहेर गेला.

परवा ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावर काम होतं, मशीन एका हातात, पट्ट्या खांद्यावर, एकटाच चढलो. हॉलचा कोपरा कोन मोजायच्या तिरक्या गुण्याने मोजला तर ९२ अंश निघाला, त्याचे अर्धे ४६, मशीनवर अंश सरळ कटापासून मोजतात म्हणून ते ९० मधून गेले की ४४, म्हणून दोन्ही पट्ट्या ४४ वर कापल्या. रंगाऱ्याने सवयीने पुट्टीचा डबा उघडला होता, कोपऱ्यावर बोट फिरवून बघितलं आणि झाकण परत लावलं.