बदली तासांची वही

ठाण्यातल्या अनेक मराठी शाळा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारचं अधिवेशन साडेबाराच्या सुमारास सुरू होतं आणि त्याआधीची वीस मिनिटं, रजेवरच्यांचे तास इतरांना वाटून देणाऱ्या पर्यवेक्षकांची असतात. समोर फुलस्केप वही, डाव्या हाताला सगळ्या स्टाफचं वेळापत्रक, कानाला फोन. वहीत पट्टीने आखलेले पाच रकाने: तासिका, इयत्ता-तुकडी, रजेवरचे शिक्षक, बदली शिक्षक, त्यांची सही. मुख्याध्यापकांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं तरी रजा अर्धीच मिळालेली असते. हा शेवटचा रकाना भरला की ती पूर्ण होते.

'शिक्षकांचं काय, सुट्ट्याच सुट्ट्या' हे वाक्य लोकलमध्ये, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठेही ऐकू येतं. हिशेब करून पाहायला हरकत नाही. दिवाळी आणि उन्हाळा धरून शाळेला वर्षात जास्तीत जास्त 76 सुट्ट्या घेता येतात. त्यात 52 रविवार मिळवले की 128. उरले 237, आणि कामाचे दिवस किमान 230 भरायलाच हवेत. म्हणजे सैल दोर सात दिवसांचा. पावसाने दोन बंद पाडले की पाचांचा. सुट्ट्या भरपूर आहेत हे खरंच. पण त्यातली एकही शिक्षकाने निवडलेली नसते. बँकेतला माणूस नोव्हेंबरमध्ये, गर्दी ओसरल्यावर, स्वस्तात केरळला जातो. शिक्षक जातो ऐन मे महिन्यात, अख्ख्या महाराष्ट्राबरोबर.

निवडून घ्यायच्या त्या किरकोळ रजा. त्या वर्षाला 12. उरल्या तर पुढच्या वर्षात जात नाहीत, आणि दीर्घ सुट्टीला बहुतेक शाळा त्या जोडू देत नाहीत. त्यापलीकडे अर्धवेतनी रजा: वर्षाला 20, जानेवारीत दहा आणि जुलैत दहा जमा होतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून ती परिवर्तित करून घेतली तर पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस जातात. पाच दिवस आजारी पडलात की दहा गेले. रुजू होताना फिटनेसचा कागद वेगळा. एक बारकावा नवे शिक्षक हमखास विसरतात. किरकोळ रजेच्या मधे आलेला रविवार रजेत मोजत नाहीत, अर्धवेतनीत मोजतात. म्हणून शुक्रवार ते सोमवार गावी जायचं तर अर्ज कोणत्या रजेचा, हे आधी ठरवावं, नंतर क्लार्कशी वाद घालू नये.

आता गणपती. 2025 सालचं कॅलेंडर काढून बघा. चतुर्थी बुधवारी, 27 ऑगस्टला. गौरीविसर्जन मंगळवारी, 2 सप्टेंबरला. शाळेने वेगळी सुट्टी दिली नसेल तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार असे पाच दिवस, आणि आदल्या मंगळवारी निघायचं तर सहा. बारांतल्या निम्म्या एका आरतीत संपल्या. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी थोडी कापून ते दिवस गणपतीला देण्याची मुभा शाळांना आहे, आणि कोकणातला स्टाफ जास्त असेल तिथे ती वापरली जाते. त्यावर घणसोली-कोपरखैरण्याच्या शाळांतून एक रास्त कुरबूर असते. माथाडींच्या वस्तीमुळे तिथे सातारा-सांगलीकडची माणसं पुष्कळ. त्यांच्या गावच्या जत्रा चैत्रात, म्हणजे नेमक्या वार्षिक परीक्षेत. गणपतीला सुट्टी जुळवता येते, परीक्षेत पालखी जुळवता येत नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. 26 ऑगस्टची गाडी हवी तर 27 जूनला सकाळी आठ वाजता मोबाईल हातात हवा, आणि तेव्हा शाळा उघडून दोन आठवडेही झालेले नसतात. वेळापत्रक अजून 'तात्पुरतं' म्हणून नोटीस बोर्डावर लटकतंय, आणि कोकणातल्या तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट मात्र पक्कं! तिकीट निघालं त्याच दिवशी पर्यवेक्षकांच्या कानावर घालणं शहाणपणाचं. अर्ज ऑगस्टमध्ये दिला तरी चालतो. बातमी जूनमध्ये दिलेली बरी, कारण तिकीट काढणारे तुम्ही एकटे नसता.

एका शिक्षकाला रोजच्या आठांपैकी साधारण सहा तास असतात, शनिवारी तीनेक. पाच दिवसांच्या रजेत सत्तावीस तास उघडे पडतात. ते भरायचे इतरांच्या ऑफ तासांतून, म्हणजे वह्या तपासायच्या, चहा प्यायच्या, क्वचित नुसतं बसायच्या वेळातून. अर्धवेतनी रजेत आपला पगार अर्धा होतो. किरकोळीची किंमत मात्र चित्रकलेचे सर आणि हिंदीच्या बाई मोजतात.

त्यांच्यासाठी काय ठेवून जायचं, यात खरी मेख आहे. 'धडा चौथा वाचून घ्या' अशी चिठ्ठी म्हणजे काहीच न ठेवणं. मुलं एका सुरात 'आमचा झालाय' म्हणतात आणि बदली शिक्षकाला ते तपासता येत नाही. पस्तीस मिनिटांचं काम असं हवं की विषय न येणाऱ्यालाही चालवता यावं: वीस मिनिटांचं लेखन, फळ्यावर उतरवायची उत्तरं वेगळ्या कागदावर, शेजाऱ्याची वही तपासायला दहा मिनिटं, बाकीची आरडाओरड्याला. प्रत्येक तुकडीचा कागद कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात ठेवावा. मॉनिटरच्या दप्तरात ठेवला तर नेमका मॉनिटरच गावी गेलेला असतो. गौरी-गणपतीत वर्ग निम्मा रिकामा असतो, तेव्हा नवा धडा काढायचा नाही. आल्यावर पुन्हा शिकवावाच लागतो. गणिताच्या सरांनी हौसेने नवं प्रकरण बदली शिक्षकावर सोपवलं, तर परतल्यावर आधी चुकीची रीत पुसायला दोन तास जातात.

आणखी एक गोष्ट हमखास अडते. शाळेच्या कुठल्या ना कुठल्या पोर्टलचं खातं एकाच शिक्षकाच्या मोबाईलला जोडलेलं असतं. माहिती आजच भरायची, ओटीपी जातो कणकवलीजवळच्या वाडीत, आणि तिथे नेटवर्क फक्त विहिरीजवळ. इकडे क्लार्क, तिकडे आरती. जाण्याआधी नंबर बदलून घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

पेपरांच्या गठ्ठ्याबद्दलही बोलायला हवं. घटक चाचणी ऑगस्टात झालेली असते. तीन तुकड्या, प्रत्येकी साठ, असे 180 पेपर. एकाला चार मिनिटं धरली तरी बारा तास. हा गठ्ठा सुतळीने बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिपळूणला जातो. मखराशेजारच्या कपाटावर सात दिवस राहतो. सुतळीची गाठ न सुटता परत येतो. फरक एवढाच की वरच्या पेपराला उदबत्तीचा वास लागलेला असतो.

नियोजन कितीही केलं तरी पाऊस त्याला जुमानत नाही. दोघे रजेवर असताना कळव्याजवळ गाड्या अडकल्या आणि डोंबिवली-बदलापूरचे चौघे रुळांवरच राहिले, की वहीतले रकाने पुरत नाहीत. मग दोन तुकड्या एका हॉलमध्ये, मैदानात पाणी म्हणून पीटीचे सर गोष्ट सांगायला, आणि मुख्याध्यापिका बाई स्वतः सातवी 'ब'वर. मुलांच्या दृष्टीने वर्षातला सर्वात चांगला दिवस.

परतलेल्या शिक्षकाने पहिल्या दिवशी घंटेआधी पोचावं, एवढा संकेत आहे. पिशवीत मालवणी खाजं असतं. सातारकडचा असेल तर कंदी पेढे. डबा स्टाफरूममध्ये फिरतो आणि शेवटी पर्यवेक्षकांच्या टेबलावर, उघड्या वहीवरच टेकतो. गुळाचा चिकट डाग गेल्या मंगळवारच्या पाचव्या तासिकेवर पडतो. ते एक तुकडा मोडून तोंडात टाकतात, बोट पुसतात, पुढचं पान आखायला घेतात आणि मान वर न करता विचारतात, "सर, उद्या तिसरा तास ऑफ आहे ना तुम्हाला?"