तुम्ही विचारलंत म्हणून: चालता कारखाना सोडून हे कशाला?

व्याख्यानानंतर, लग्नकार्यात, अगदी बँकेच्या रांगेतही मला एकच प्रश्न विचारला जातो: "मॅडम, भोसरीतला चालता कारखाना पुतण्याच्या हाती देऊन या नव्या मुलांच्या कंपन्यांच्या मागे का लागलात? त्यात तुम्हाला मिळते काय?" दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. ज्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना उभे राहायला मदत करणाऱ्या संस्थेत, मी आठवड्यातले चार दिवस बसते तिथून मानधन मिळते, आणि तीन कंपन्यांत माझे थोडे समभाग आहेत. त्यांतली एक बंद पडल्यामुळे त्या कागदांना सध्या रद्दीचा भाव आहे. पहिल्या भागाचे उत्तर देण्यासाठी मात्र २००८ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी माझ्याकडे प्लास्टिक मोल्डिंगची चार मशीन होती आणि वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे काम होते. मंदी आली तेव्हा त्या कंपनीने ऑर्डर रद्द केल्या नाहीत, फक्त पैसे लांबवले. साठ दिवसांचे नव्वद झाले, नव्वदांचे एकशेवीस. हातात काम भरपूर आणि खात्यात पुढच्या पगारापुरतेही पैसे नाहीत, अशा अवस्थेत प्लास्टिकचा दाणा, म्हणजे आमचा कच्चा माल, पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसशॉपचे, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या कारखान्याचे, मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, त्यांनी माझ्यादेखत त्याला फोन लावला आणि एवढेच म्हणाले, "तिला माल द्या, बुडाले तर माझ्याकडून घ्या." त्यांनी मला एक रुपयाही दिला नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दीड टन दाणा माझ्या दारात उतरला.

नव्या कंपनीला भांडवल लागते हे सगळेच सांगतात, पण त्याआधी तिला पत लागते, आणि पत ही उसनी देता येणारी वस्तू आहे, हे मला त्या फोनने शिकवले. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांचेही तेच झाले. त्यांनी महिला सहकारी बँकेसाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. त्यांना हिशेब आधीपासूनच येत होता, त्यांच्यामागे फक्त कोणाचा शब्द नव्हता.

आज पैशाची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया उपक्रमाच्या बीजनिधी योजनेतून, इन्क्युबेटरमार्फत, कल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली. नमुना बनवण्यासाठी केंद्राच्याच निधी-प्रयास योजनेतून दहा लाखांपर्यंत मिळतात. हे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या काळातच मुले अडतात.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीने छोट्या दूध संकलन केंद्रांसाठी दूध तपासणीचे यंत्र बनवले होते. थ्री-डी प्रिंटरवर काढलेली यंत्राची बाहेरची पेटी दाखवून ती म्हणाली की आता लगेच पोलादी साचा करायचा. साच्याला चार लाख रुपये लागणार होते. मी तिला ओळखीच्या कारखान्यात पाठवून सिलिकॉनच्या साच्यावर वीस पेट्या ओतून घ्यायला लावल्या; असा साचा साधारण तेवढ्याच नगांत संपतो, पण त्याचा खर्च फार थोडा असतो. त्या पेट्या केंद्रांवर गेल्या आणि ओल्या हातांनी झाकण उघडत नाही, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. पोलादी साचा झाला असता तर ते चार लाख त्या झाकणातच अडकले असते. अनुदानाचा पुढचा हप्ता यायचा असल्यामुळे त्या वीस पेट्यांचे बिल महिनाभर थांबवा, हे कारखानदाराला सांगणे हे माझे काम होते.

आणखी एक आग्रह मी सगळ्यांकडे धरते. मुले स्टार्टअप म्हणून मान्यता उत्साहाने घेतात आणि उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र विसरतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून तसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावटही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही; पण नोंदणीच नसेल तर हे कायदे तुमच्या कामाचे नाहीत. मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कोणी धजत नाही, हे मलाही कळते, मीही २००८ मध्ये धजले नव्हते. तरी बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरचा लेखापाल ते बिल थोडे वर ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

शब्द टाकण्याची किंमतही कधीतरी मोजावी लागते. चार वर्षांपूर्वी दोन मुलांसाठी मी एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, बिलाची हमी घेतली, त्यांची कंपनी सहा महिन्यांत बंद पडली, आणि एक लाख ऐंशी हजारांचे ते बिल मी तीन हप्त्यांत फेडले. घरी यावरून बरेच बोलणे झाले. टूलरूमचे मालक आजही माझा फोन उचलतात; फक्त आता ते निम्मी रक्कम आगाऊ मागतात, आणि मी ती मागणी नव्या मुलांपर्यंत जशीच्या तशी पोचवते.